धागा: रशियन पियानो आणि ऑपेरा संगीताच्या कंडक्टरांनी केलेल्या वाद्यवृंदरचना: काय ऐकावं, काय वाजवावं, कुठे अडतं

मंद्रसप्तक

मुसोर्गस्कीचं 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन' म्हटलं की फ्रेंच संगीतकार राव्हेलची वाद्यवृंदरचना, इथेच बहुतेकांची गाडी थांबते. राव्हेलचं काम थोर आहे यात वाद नाही, पण त्याच्या आधी आणि नंतर कितीतरी कंडक्टरांनी हेच पियानो संगीत आपापल्या वाद्यवृंदासाठी मांडलं. ते ऐकल्याशिवाय राव्हेलनं नेमकं काय निवडलं आणि काय टाळलं ते कळत नाही. म्हणून हा धागा.

आधी मूळ गोष्ट. चित्रकार-वास्तुकार व्हिक्टर हार्टमान १८७३ मध्ये गेला. पुढच्या वर्षी सेंट पीटर्सबर्गला त्याच्या कामाचं प्रदर्शन भरलं आणि मुसोर्गस्कीनं जून १८७४ मध्ये तीन आठवड्यांत ही पियानोमाला लिहून काढली. दहा चित्रं आणि मधूनमधून 'प्रोमनाड', म्हणजे प्रेक्षकाचं दालनातून चालणं. त्याच्या हयातीत ती छापलीच गेली नाही. १८८१ मध्ये तो वारला आणि १८८६ मध्ये संगीतकार रिम्स्की-कोर्साकोवनं संपादित करून ती प्रसिद्ध केली. त्या संपादनात काही जागा बदलल्या गेल्या. पुढच्या जवळजवळ सगळ्या रचनांवर त्याचा परिणाम आहे, त्याकडे नंतर येऊ.

कंडक्टरांची यादी माझ्या हिशेबानं अशी:

मिखाईल तुश्मालोव, रिम्स्कीचा विद्यार्थी. दहापैकी सातच चित्रं घेतली. 'ग्नोमस', 'त्विलेरी' आणि 'बिद्लो' गाळली, प्रोमनाडही एकच ठेवला. १८९१ मध्ये रिम्स्कीनं स्वतः ही रचना सादर केली.

हेन्री वुड, लंडन, १९१५. पहिला सोडून सगळे प्रोमनाड काढले आणि शेवटच्या 'कीवच्या दरवाजा'त ऑर्गन आणला.

लिओ फुन्टेक, हेलसिंकी, १९२२. राव्हेलचंच वर्ष, पण दोघांच्या कामाचा एकमेकांशी संबंध नाही. फुन्टेकनं काहीही गाळलं नाही.

लिओपोल्ड स्टोकोवस्की, फिलाडेल्फिया, १९३९. 'त्विलेरी' आणि 'लिमोजचा बाजार' वगळले, कारण हे दोन त्याला फार फ्रेंच वाटत. सुरुवातीचा प्रोमनाड एकट्या ट्रम्पेटला न देता स्ट्रिंग्जना दिला.

व्लादिमीर अश्केनाझी, १९८२. पियानिस्ट आणि कंडक्टर दोन्ही. हस्तलिखिताकडे परत जाऊन केलेली रचना.

एकाच संगीताच्या इतक्या रचना का झाल्या याचं एक अगदी व्यवहारी कारण आहे. राव्हेलकडून काम करून घेतलं ते सर्गेई कुसेवित्स्कीनं, म्हणजे पुन्हा एका कंडक्टरनंच. १९ ऑक्टोबर १९२२ ला पॅरिस ऑपेरात त्यानं तो वाजवला आणि काही वर्षं वाजवण्याचे हक्क स्वतःकडे ठेवले. स्कोअर (सगळ्या वाद्यांचं संगीत एकत्र असलेली प्रत) १९२९ मध्ये त्याच्याच प्रकाशनसंस्थेनं छापला. तोवर बाकीच्यांपुढे दोनच मार्ग होते: वाट पाहा, नाहीतर स्वतः लिहा.

तिसरी_ओळ

चांगला धागा. १८८६ च्या आवृत्तीतल्या बदलांबद्दल सविस्तर लिहितो, कारण कुठलाही स्कोअर हातात घेतल्यावर पहिल्यांदा हेच तपासायचं असतं.

एक: 'बिद्लो', म्हणजे बैलगाडी. हस्तलिखितात ती पहिल्या मात्रेपासून फोर्टिसिमो (अतिशय मोठ्यानं) आहे. गाडी एकदम अंगावर येते. रिम्स्कीनं ती हळू सुरू करून वाढवत नेली, जणू लांबून येते आहे. राव्हेलसमोर हीच प्रत होती, त्यामुळे त्याचा टूबा (खर्जातलं मोठं पितळी वाद्य) लांबून येतो. अश्केनाझी मूळ पाठाकडे गेला, सर्गेई गोर्चाकोवही (१९५४) गेला. गोर्चाकोव संगीतकार, तुमच्या कंडक्टरांच्या यादीत बसत नाही, पण तुलनेसाठी त्याचा 'बिद्लो' ऐकायलाच हवा.

दोन: 'सामुएल गोल्डेनबर्ग आणि श्मुइले'चा शेवट. हस्तलिखितात शेवटचे चार स्वर सी, डी फ्लॅट, बी फ्लॅट, बी फ्लॅट. छापील प्रतीत ते सी, डी फ्लॅट, सी, बी फ्लॅट झाले. एका स्वराचा फरक आहे, पण मूळ शेवट कोरडा आणि तोडून टाकणारा आहे, तर बदललेला नेहमीसारखा गोड उतरतो. तालमीत हा स्वर कोणता धरायचा हे आधी ठरवा. नाहीतर मूळ पियानो प्रत पाठ असलेला कुणीतरी वादक हमखास हात वर करतो आणि दहा मिनिटं जातात.

तीन: गोल्डेनबर्गनंतरचा पाचवा प्रोमनाड. हा रिम्स्कीचा दोष नाही. राव्हेलनं स्वतः तो वगळला. फुन्टेकनं ठेवला.

हस्तलिखितावर बेतलेली संपादक पावेल लामची आवृत्ती १९३१ मध्ये आली. त्याआधीच्या कुणालाही दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्या हाती तीच प्रत होती. त्यानंतरच्यांना मात्र विचारता येतं.

पितळी_बाजा

'बिद्लो'च्या टूबाबद्दल माझी भर, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो.

राव्हेलनं हा सोलो आजच्या मोठ्या टूबासाठी लिहिलेलाच नाही. त्याच्या डोळ्यांपुढे सहा व्हॉल्व्हचा छोटा फ्रेंच सी टूबा होता. तो आजच्या काँट्राबास सी टूबापेक्षा एक सप्तक वरचा. सोलो मध्य सी च्या वरच्या जी शार्पपर्यंत चढतो. मोठ्या टूबावर हे वाजवणारे आहेत, पण आवाज ताणलेला येतो आणि बैलगाडीऐवजी वादकाचे कष्ट ऐकू येतात. म्हणून बहुतेक ठिकाणी हा सोलो युफोनियमवर (टूबाच्या घराण्यातलं लहान वाद्य) होतो.

व्यवहारात तीन गोष्टी बघा.

वाद्य बदलायला वेळ आहे का? आहे. आधीचा 'त्विलेरी' जेमतेम मिनिटभराचा, पण त्यात टूबाला काम नाही. त्यानंतरचा प्रोमनाड आणि 'अंड्यातली पिल्लं' दोन्ही हलके, परत मोठं वाद्य उचलून ते श्वासानं गरम करायला पुरेसा अवधी मिळतो. एकाच वादकानं दोन्ही करायचं असेल तर माउथपीस वेगळे लागतात, ओठ बदलतात. जमत असेल तर वेगळा वादक घ्या.

पार्ट (एका वाद्याची स्वतंत्र प्रत) कोणत्या क्लेफमध्ये (ओळींवर कोणता स्वर कुठे ते सांगणारी खूण) आहे? राव्हेलचा पार्ट बास क्लेफमध्ये, जसा वाजतो तसा लिहिलेला आहे. आपल्याकडे पोलीस किंवा लष्करी बँडमधून आलेले बरेच युफोनियमवादक ट्रेबल क्लेफमध्ये, बी फ्लॅट वाद्य म्हणून वाचतात. त्यांच्यासाठी पार्ट एक सप्तक आणि एक पूर्ण स्वर वर (मेजर नाइन्थ) लिहावा लागतो. जी शार्प मायनरचं सरळ रूपांतर ए शार्प मायनर, सात शार्प. तसं लिहू नका, बी फ्लॅट मायनर लिहा, पाच फ्लॅट. वाचायला सोपं आणि चुका निम्म्या.

तिसरी गोष्ट श्वासाची. ओळ लांब आणि गती संथ. वाक्याच्या मध्ये श्वास घेतला तर गाडी थांबते. श्वासाच्या जागा तालमीआधी पार्टवर पेन्सिलीनं आखून ठेवा.

आडवा_बो

मी स्ट्रिंग्जच्या बाजूनं लिहिते. पियानोवरून वाद्यवृंदाकडे जाताना खरा प्रश्न असतो पेडलचा. पियानोवादक डावीकडचा स्वर मारून पेडल दाबतो आणि हात उचलून दुसरीकडे जातो. कागदावर तो स्वर आठव्या भागाचा, कानाला तो पूर्ण मोजपट्टीभर (बारभर). नवख्यांचे स्कोअर पोकळ वाजतात ते याचमुळे. कागदावर होतं ते उतरवलं, ऐकू येत होतं ते नाही.

पण नुसता लांब स्वर लिहूनही भागत नाही. पियानोचा स्वर मारताक्षणी सगळ्यात मोठा असतो आणि तिथून झरत जातो, तर बोनं (गजानं) धरलेला स्वर आहे तसाच उभा राहतो. म्हणून मारणं एकाकडे आणि टिकणं दुसऱ्याकडे द्यायचं. बास पिझिकाटो (बोटानं छेडून), हवं तर हार्पची जोड, आणि तोच स्वर हॉर्नमध्ये किंवा अर्ध्या चेलोंमध्ये पियानिसिमो (अगदी हळू) धरून ठेवायचा. ऐकणाऱ्याला एकच स्वर वाजून विरल्यासारखा वाटतो.

'जुना किल्ला' यासाठी उत्तम धडा आहे. जी शार्प मायनर, ६/८, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत खाली जी शार्पचा एकच ठोका, तानपुऱ्याच्या खर्जासारखा. पियानोवर त्याला काहीच पडत नाही. वाद्यवृंदात ती शिक्षा आहे. जी शार्प कुठल्याही स्ट्रिंग वाद्याची मोकळी तार नाही. चेलोवर तो जी तारेवर हाफ पोझिशनमध्ये येतो, आणि डावा हात तिथे कित्येक मिनिटं अडकला की स्वर हळूहळू खाली घसरायला लागतो. उपाय असा: चेलोंचे दोन गट करा, दर चार मोजपट्ट्यांनी गट बदला, आणि बदलताना एक मात्रा दोघांनी मिळून वाजवा. बो एकाच वेळी उलटू नका.

वरच्या सुरावटीसाठी राव्हेलनं आल्टो सॅक्सोफोन घेतला. सौंदर्य आहेच, पण त्यात सोयही आहे: ई फ्लॅट वाद्याला हा राग एफ मायनरमध्ये लिहिता येतो, चार फ्लॅट, बोटांखाली व्यवस्थित. स्टोकोवस्कीनं इंग्लिश हॉर्न घेतला. त्या वाद्याला तोच डी शार्प मायनर होतो, सहा शार्प. वादक मुरलेला हवा. सॅक्सोफोनही नाही आणि इंग्लिश हॉर्नही नाही, तर ए क्लॅरिनेट घ्या. त्यावर हे बी मायनरमध्ये पडतं, फक्त दोन शार्प, आणि खालच्या पट्टीतला त्याचा काळा आवाज या सुरावटीला शोभतो.

पांढरी_पट्टी

@आडवा_बो, ए क्लॅरिनेटची सूचना फार उपयोगी. एक प्रश्न: आमच्यासारख्या लहान गटानं, म्हणजे दोन-दोन वुडविंड, दोन हॉर्न, दोन ट्रम्पेट, टिंपनी आणि चोवीस स्ट्रिंग्ज, 'कीवचा दरवाजा' करावा का? ट्रॉम्बोन नाहीत, टूबा नाही.

मंद्रसप्तक

@पांढरी_पट्टी, स्पष्ट सांगतो: करू नका. सदतीस वादकांत तो दरवाजा उभा राहत नाही, कितीही जोर लावला तरी. ई फ्लॅट मेजरच्या त्या जाड कॉर्ड्सना मधली पट्टी भरायला किमान तीन ट्रॉम्बोन लागतात. दोन हॉर्न ते काम करायला गेले की दुसऱ्या पानावर ओठ संपतात.

त्याऐवजी 'जुना किल्ला', 'त्विलेरी', 'अंड्यातली पिल्लं' आणि एक प्रोमनाड असा गुच्छ बांधा. तुश्मालोव आणि वुड दोघांनीही काटछाट केलीच होती, त्यामुळे निवड करण्यात कमीपणा नाही. स्ट्रिंग्ज ८-६-४-४-२ धरा. पहिल्या व्हायोलिनला आठपेक्षा कमी नको, नाहीतर 'पिल्लं'मध्ये वुडविंडच्या टिपक्यांमागची स्ट्रिंग्ज विरळ पडतात आणि सूर हलताना ऐकू येतो.

पूर्ण वाद्यवृंद असेल त्यांच्यासाठी दरवाजाबद्दल दोन शब्द. मधला कोरस रशियन चर्चच्या बाप्तिस्म्याच्या स्तोत्रावरचा आहे. मुसोर्गस्कीनं तिथे 'भावनेशिवाय' अशी सूचना लिहिली आहे आणि राव्हेलनं पहिल्या वेळी तो क्लॅरिनेट आणि बसूनना दिला. कंडक्टर इथे हात पसरून भाव ओततात ते चूक आहे. तो कोरस सपाट, दूरचा राहिला तरच पुढची घंटा मोठी वाटते. दुसरं म्हणजे टॅम-टॅम, ती मोठी धातूची थाळी. त्याचा आवाज मारल्यानंतर फुलतो. शेवटच्या पानावर प्रत्येक ठोका पूर्ण जोरानं दिला तर आधीच्याचा आवाज पुढच्यात मिसळून ब्रासची हार्मनी झाकली जाते. शेवटचे दोन सोडून बाकीचे निम्म्या जोरात.

हा दरवाजा प्रत्यक्षात कधी बांधलाच गेला नाही, हेही ठाऊक असू द्या. १८६६ मध्ये झार अलेक्झांडर दुसरा हल्ल्यातून वाचला, त्याच्या स्मरणार्थ हार्टमाननं केलेला तो आराखडा होता. दगडात नसलेली भव्यता संगीतात उभी करायची आहे, म्हणून मी वादकसंख्येवर एवढा अडून बसतो.

कोरसमधला

पियानोवर बरंच झालं, आता ऑपेराकडे वळू. मुसोर्गस्कीच्या 'बोरीस गोदुनोव' या ऑपेराचं स्टोकोवस्कीनं केलेलं सिंफोनिक सिंथेसिस, म्हणजे गायकांविना वाद्यवृंदी तुकडा (१९३६), हे माझ्या मते त्याचं सर्वांत प्रामाणिक काम आहे. त्या काळी सगळीकडे रिम्स्कीनं चकचकीत केलेला 'बोरीस' चाले. स्टोकोवस्कीनं १९२९ मध्ये फिलाडेल्फियात मुसोर्गस्कीचा मूळ पाठ मैफिलीत सादर केला आणि सिंथेसिसही त्यावरूनच केलं. म्हणजे 'पिक्चर्स'मध्ये काटछाट करणारा हा माणूस 'बोरीस'च्या बाबतीत मात्र रिम्स्कीच्या मागे मूळ लेखकापर्यंत गेला.

पंचवीस मिनिटांच्या आसपासचा सलग तुकडा. मठाबाहेरची गर्दी, राज्याभिषेक, चूदोव मठातल्या भिक्षूंचं गायन, वार्लामचं कझानच्या वेढ्याचं गाणं, सेंट बेसिलसमोरचा प्रसंग, बोरीसचा मृत्यू.

राज्याभिषेकाच्या घंटा म्हणजे दोनच कॉर्ड आलटून पालटून: ए फ्लॅटवरचा सेव्हन्थ आणि डीवरचा सेव्हन्थ. मूळ स्वरांत ट्रायटोनचं (तीन पूर्ण स्वरांचं) अंतर, पण सी आणि एफ शार्प (म्हणजेच जी फ्लॅट) दोन्हींत समाईक. त्यामुळे आवाज जागचा हलत नाही आणि तरी झुलतो, अगदी मोठ्या घंटेसारखा. तालमीत हे दोन समाईक स्वर आधी एकटे वाजवून घ्या आणि सूर पक्का करा. अडचण अशी की काहींच्या पार्टमध्ये एफ शार्प आणि काहींच्या पार्टमध्ये जी फ्लॅट असतो. स्ट्रिंगवाले शार्प किंचित वर आणि फ्लॅट किंचित खाली लावतात. इथे सगळ्यांनी एकच स्वर लावायचा हे तोंडानं सांगावं लागतं.

गायकाचा आवाज काढून वाद्य बसवताना पेच असतो व्यंजनांचा. मुसोर्गस्कीच्या ओळी रशियन बोलण्याच्या आघातावर चालतात. शब्द गेले की तोच स्वर तीन-चारदा नुसता वाजत राहतो आणि निर्जीव वाटतो. बास आवाजाच्या जागी चेलो घेतला तर उब येते, उच्चार जातो. म्हणून चेलोसोबत बसून ठेवायचा आणि त्याला प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरावर स्पष्ट जीभ मारायला सांगायचं. त्यासाठी मूळ रशियन शब्द पार्टवर देवनागरीत लिहून द्या. वादक मनात ते म्हणत वाजवतो आणि फरक लगेच ऐकू येतो.

मुसोर्गस्कीच्याच 'खोवान्श्चिना' ऑपेरातल्या चौथ्या अंकाचा, गोलित्सिनच्या हद्दपारीचा स्टोकोवस्कीनं केलेला तुकडा लहान गटांना जास्त परवडेल. संथ, काळोखा, काही मिनिटांचा.

तिसरी_ओळ

स्टोकोवस्की वाजवणाऱ्यांसाठी महत्त्वाचं: त्याच्या स्ट्रिंग लेखनामागे मुक्त बोइंग गृहीत आहे. प्रत्येकानं आपला बो हवा तेव्हा उलटायचा, रांगेनं एकत्र नाही. सवयीप्रमाणे सगळ्या पार्टवर एकसारखे बो लिहिले तर लांब ओळींत दर दोन मोजपट्ट्यांनी उसवण ऐकू येते, आणि मग 'हा स्कोअरच जड आहे' असा शेरा मारला जातो. स्कोअर जड नाही, बो चुकलेत.

ऑर्गनबद्दलही सांगतो. पाइप ऑर्गन नसलेल्या सभागृहात डिजिटल वाद्य घेतलं तर स्पीकर स्टेजच्या मागे, बासच्या पाठीशी ठेवा. पुढे ठेवला की ऑर्गन वाद्यवृंदाच्या खालून न येता त्याच्या तोंडावर बसतो.

पांढरी_पट्टी

चायकोव्स्कीचं कुणीच काढलं नाही! अलेक्झांडर गाऊक, सोव्हिएत कंडक्टर, यानं 'सीझन्स' (१८७५-७६, बारा महिन्यांचे बारा पियानो तुकडे) १९४२ मध्ये वाद्यवृंदासाठी केले. हाच गाऊक ज्यानं राखमानिनोवची पहिली सिंफनी १९४५ मध्ये, सापडलेल्या पार्टवरून जुळवलेल्या स्कोअरवर, पुन्हा वाजवली.

दुसरा कुर्ट-हाइन्झ स्टोल्झे. श्टुटगार्ट बॅलेसाठी, जॉन क्रॅन्कोच्या 'ओनेगिन'साठी (१९६५) त्यानं चायकोव्स्कीचे पियानो तुकडे, मुख्यतः 'सीझन्स'मधले, आणि 'चेरेविच्की' ऑपेरातले भाग घेऊन पूर्ण बॅलेचं संगीत उभं केलं. 'येवगेनी ओनेगिन' या ऑपेरातला एकही स्वर त्यात नाही. ऑपेराची कथा, पियानोचं संगीत आणि कंडक्टरचा हात, तिन्ही एकाच ठिकाणी.

आमच्या आकाराच्या गटासाठी गाऊकचा जून आणि ऑक्टोबर चालतील असं वाटतं. हक्कांचं काय?

मंद्रसप्तक

हक्कांबद्दल नीट वाचा, गफलत इथेच होते.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं. वाद्यवृंदरचना ही स्वतंत्र कृती मानली जाते, त्यामुळे मूळ संगीतकार कधी वारला हे पाहून भागत नाही. मुसोर्गस्की कधीच मुक्त झाला, पण स्टोकोवस्की १९७७ मध्ये वारला, म्हणून त्याच्या रचना २०३७ अखेरपर्यंत संरक्षित. राव्हेल (१९३७) कधीच खुला झाला. वुड (१९४४) २००५ पासून. गाऊक १९६३ मध्ये वारला, म्हणजे २०२४ पासून भारतात खुला. युरोपात मात्र सत्तर वर्षं, त्यामुळे तिकडे तो २०३३ अखेरपर्यंत बंद. रेकॉर्डिंग इंटरनेटवर टाकणार असाल तर हा फरक अंगाशी येतो.

शिवाय हक्क संपले तरी पार्ट भाड्यानं घेतले असतील तर भाडेकरार वेगळा लागू असतो. त्यात प्रयोगसंख्या आणि ध्वनिमुद्रणाची अट लिहिलेली असते. सही करण्याआधी वाचा. पार्ट पहिल्या तालमीच्या निदान सहा आठवडे आधी हातात हवेत, कारण भाड्याच्या संचात आधीच्या वाद्यवृंदांचे बो, काटछाटीच्या खुणा आणि कधीकधी एखादं गहाळ पान असतं. आल्या दिवशी प्रत्येक पार्टची पानं मोजायची आणि मोजपट्ट्यांचे क्रमांक स्कोअरशी ताडून बघायचे.

आडवा_बो

@पांढरी_पट्टी, जूनचा बार्कारोल (नावाड्याचं गीत) घ्या. जी मायनर असल्यानं व्हायोलिनची जी आणि डी या मोकळ्या तारा आपोआप साथ देतात, जी शार्पच्या किल्ल्यानंतर तुमच्या चेलोंना विश्रांतीच वाटेल. एक जागा सांभाळा. मधला मेजर भाग वेग घेतो आणि शेवटी पसरलेल्या आर्पेजिओ कॉर्ड्सवर अडतो. पियानोवर ते कॉर्ड खालून वर उलगडतात. वाद्यवृंदात पिझिकाटो एकदम पडला तर फटका बसतो. बास किंचित आधी, मग चेलो, मग व्हायोला, असं उलगडायला सांगा, आणि कंडक्टरनं तिथे वरच्या स्वराला हात द्यावा, खालच्या नाही.

पांढरी_पट्टी

ठरलं: एक प्रोमनाड, ए क्लॅरिनेटवरचा 'जुना किल्ला', 'पिल्लं' आणि जून. 'किल्ल्या'साठी चेलोंच्या दोन गटांचे पार्ट वेगळे काढायला घेतलेत. प्रोमनाड कुणाला द्यावा, ट्रम्पेटला की स्ट्रिंग्जना?

पितळी_बाजा

स्ट्रिंग्जना. कार्यक्रमाचा पहिलाच स्वर, थंड वाद्य, ५/४ आणि ६/४ ची अदलाबदल, सोबतीला कुणी नाही. राव्हेलचा तो ट्रम्पेट सोलो मोठ्या वाद्यवृंदांच्या मुख्य वादकांनाही जपून घ्यावा लागतो. तुमच्या दोन ट्रम्पेटना दुसऱ्या वाक्यापासून आणा, तोपर्यंत सूर बसलेला असेल. आणि मोजपट्टीची खूण प्रत्येक पार्टवर मोठ्या अक्षरात लिहा: ५, ६, ५, ६.